लिग्नोकेनसोबतचं ॲड्रिनालिन : स्थानिक भुलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या लहान दवाखान्यांसाठी, ग्रामीण रुग्णालयांसाठी आणि दातांच्या डॉक्टरांसाठी आहे. केळीचा घड उतरवताना विळा लागलेला हात शिवणारे, दाढ काढणारे, गळू फोडणारे डॉक्टर आणि त्यांना व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) औषध भरून देणाऱ्या सिस्टर-ब्रदर यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पेशंटचे प्रश्न शेवटी आहेत. डोस प्रशिक्षित हातांसाठी आहेत. घरी आणून टोचून घ्यायचं हे औषध नव्हे.

साध्या लिग्नोकेनने जागा बधिर होतेच. मग त्यात ॲड्रिनालिन कशाला?

लिग्नोकेन स्वतःच रक्तवाहिन्या सैल करतं. म्हणजे ज्या जागेवर ते थांबायला हवं, तिथला रक्तप्रवाह तेच वाढवतं, आणि तो प्रवाह औषध वाहून नेतो. ॲड्रिनालिन तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं. त्वचेखाली साधं दोन टक्के लिग्नोकेन अर्धा ते एक तास पुरतं. ॲड्रिनालिनसह दोन-तीन तास सहज निघतात. दातात फरक आणखी ठळक दिसतो. साध्या औषधाने दाताची नस जेमतेम पाच-दहा मिनिटं गप्प बसते, ॲड्रिनालिनसह सुमारे तासभर. रूट कॅनाल करणारा कुणीही साधं लिग्नोकेन हातात घेत नाही, ते याच कारणाने.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसतो : जखम कोरडी राहते आणि टाके नीट पडतात. तिसरा दिसत नाही, पण तोच मोलाचा. औषध रक्तात सावकाश उतरतं, म्हणून एकूण थोडं जास्त देता येतं.

व्हायलवरचं "१:८०,०००" आणि "१:२,००,०००" कसं वाचायचं?

इतक्या मिलिलिटर द्रावणात एक ग्रॅम ॲड्रिनालिन, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आकडा मोठा तितकं औषध पातळ. घाईत उलटं वाचलं जातं. "दोन लाखवालं स्ट्राँग" असं म्हणणारेही भेटतात. सोपी रीत अशी : दहा लाखांना त्या आकड्याने भागा, म्हणजे एका मिलीत किती मायक्रोग्रॅम आहे ते कळतं.

१:८०,००० म्हणजे १ मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम
१:१,००,००० म्हणजे १० मायक्रोग्रॅम
१:२,००,००० म्हणजे ५ मायक्रोग्रॅम

आपल्याकडे दातांसाठी ८० हजारवालं आणि शस्त्रक्रियेसाठी दोन लाखवालं, अशी ढोबळ वाटणी असते. दोन्ही ३० मिलीच्या व्हायलमध्ये मिळतात आणि लांबून सारखीच दिसतात. लेबलाचा रंग कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. त्याच आकाराच्या बाटलीत चार टक्क्यांचं लिग्नोकेनही येतं, पण ते घशाला किंवा नाकाला वरून लावायचं असतं, टोचायचं नसतं. एकाच ट्रेमध्ये तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की कधी ना कधी घोटाळा होणारच.

जास्तीत जास्त किती मिली देता येतं?

इथे बहुतेक जण एकच हिशेब करतात, लिग्नोकेनचा. व्हायलमध्ये औषधं दोन आहेत आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. जी आधी संपते तिथे हात थांबवायचा.

लिग्नोकेन : ॲड्रिनालिनसह वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम, एकूण ५०० मिलिग्रॅमच्या वर नाही. साधं असेल तर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम (काही पुस्तकं ३ वरच थांबतात), एकूण ३०० च्या वर नाही. दोन टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम.

ॲड्रिनालिन : निरोगी प्रौढाला एका बैठकीत २०० मायक्रोग्रॅम. हृदयविकार असलेल्याला ४०.

आता ६० किलोचा शेतकरी घ्या. लिग्नोकेनच्या हिशेबाने ६० × ७ = ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली. औषध दोन लाखवालं असेल तर त्या २१ मिलीत ॲड्रिनालिन १०५ मायक्रोग्रॅम होतं, काही अडचण नाही. पण सिरिंजमध्ये ८० हजारवालं असेल तर २१ मिलीत २६२ मायक्रोग्रॅम होतात. ॲड्रिनालिनची मर्यादा १६ मिलीलाच संपलेली असते. दातांच्या दवाखान्यात सहसा इतकं औषध लागत नाही. मात्र दातांच्या डॉक्टरकडून उसनी आणलेली व्हायल मांडीची मोठी जखम शिवायला वापरली, की हा प्रश्न उभा राहतो.

जखम लांब असेल तर औषध वाढवण्याआधी ते पातळ करा. १० मिली दोन टक्के (दोन लाखवालं) आणि १० मिली नॉर्मल सलाईन मिळून २० मिली एक टक्का द्रावण होतं, ॲड्रिनालिन चार लाखांत एक. त्वचा शिवायला एक टक्का पुरतो आणि एवढ्या पातळ ॲड्रिनालिननेही रक्त आवरतं. दोन टक्क्यांचा हट्ट मोठ्या नसांच्या ब्लॉकसाठी (नसेजवळ टोचून तिच्या ताब्यातला सगळा भाग बधिर करण्यासाठी) आणि दातांसाठी ठेवा.

मुलांच्या बाबतीत अंदाज चालत नाही, वजनकाट्यावर उभं करा. दातांच्या कामात मुलांसाठी ४.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरतात. १२ किलोच्या मुलाला ते ५२ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम २.६ मिली. एक पूर्ण सिरिंज आणि वर "अजून थोडं", एवढ्यातच हद्द ओलांडली जाते. सातपुड्यातल्या पाड्यांवरची मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची असतात, तिथे वयावरून डोस काढणं तर मुळीच नको.

बीपी किंवा हृदयविकाराच्या पेशंटला ॲड्रिनालिन बंदच ना?

नाही. ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की बीपीची गोळी चालू आहे म्हटल्याबरोबर साधं औषध भरलं जातं. मग अर्ध्या कामात दाढ दुखायला लागते, पेशंट कळवळतो, आणि त्याचं स्वतःचं शरीर ॲड्रिनालिन सोडतं. ते आपण दिलेल्यापेक्षा जास्त असू शकतं. बीपी आटोक्यात असेल तर ४० मायक्रोग्रॅमच्या आत राहून, सुई शिरेत नाही ना हे पाहून, हळूहळू दिलेलं ॲड्रिनालिन अपुऱ्या बधिरतेपेक्षा बरं.

४० मायक्रोग्रॅम म्हणजे ८० हजारवाल्याचे ३.२ मिली, २ मिलीच्या सिरिंजने दीड सिरिंज. दोन लाखवालं वापरलं तर ८ मिली मिळतात. म्हणून अशा पेशंटसाठी दातांच्या डॉक्टरांनीही दोन लाखवाली एक व्हायल हाताशी ठेवावी.

थांबायचं कधी? बीपी १८०/११० च्या वर असेल आणि काम तातडीचं नसेल तर आधी बीपी आटोक्यात आणा. हार्ट ॲटॅक नुकताच येऊन गेलेला, छातीत दुखणं वाढत चाललेलं, ठोके आवरत नसलेले, थायरॉईड भडकलेलं, किंवा अधिवृक्क ग्रंथीची ॲड्रिनालिन ओतणारी गाठ माहीत असलेली, अशा वेळी ॲड्रिनालिन टाळा आणि होईल तितकं काम पुढे ढकला.

कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारायलाच हवं?

प्रोप्रॅनोलोल. हे नाव पहिलं. अर्धशिशी, हाताचा कंप, थायरॉईड अशा कारणांसाठी ते दिलं जातं आणि पेशंट त्याला "डोकेदुखीची गोळी" म्हणतो. ॲड्रिनालिन काही रक्तवाहिन्या आवळतं, काही सैल करतं. प्रोप्रॅनोलोल सैल करणारी वाट बंद करतं, आवळणारी उघडीच राहते. बीपी एकदम चढतं आणि त्यावर प्रतिक्रिया म्हणून नाडी मंदावते. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोलसारख्या मुख्यतः हृदयावर चालणाऱ्या गोळ्यांत हा धोका कमी.

दुसरं ॲमिट्रिप्टिलीन आणि त्याच्या घरातली औषधं. मधुमेहाच्या पायाची आग, जुनी डोकेदुखी, झोप यासाठी ती सर्रास लिहिली जातात आणि ॲड्रिनालिनचा परिणाम वाढवतात. दोन्हींत ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा पाळा, थोडं देऊन पाच मिनिटं थांबा, बीपी पाहा, मग पुढचं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन या असं आदल्या दिवशी सांगितलं की निम्मं काम होतं.

तयार व्हायल नाही. साध्या लिग्नोकेनमध्ये स्वतः ॲड्रिनालिन मिसळलं तर?

मिसळता येतं, पण चूक होते ती नेमकी इथेच. ॲड्रिनालिनच्या अँप्युलमध्ये (फोडायच्या काचेच्या कुपीत) १ मिलीत १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे १:१,०००. २० मिली साध्या लिग्नोकेनमध्ये त्यातलं फक्त ०.१ मिली टाकलं की दोन लाखांत एक होतं. पूर्ण अँप्युल टाकली तर वीस हजारांत एक होतं, म्हणजे दहापट. त्यातले पाचच मिली टोचले तरी २५० मायक्रोग्रॅम गेले.

०.१ मिली मोजायला लोक इन्सुलिनची सिरिंज उचलतात. इथे खास आपल्याकडचा सापळा आहे. बाजारात ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन सिरिंज मिळतात. १०० वालीवर ०.१ मिली म्हणजे १० ची खूण. ४० वालीवर तीच १० ची खूण म्हणजे ०.२५ मिली. "दहापर्यंत भर" असं तोंडी सांगितलं आणि हातात ४० वाली असली, की दोन लाखांऐवजी थेट ८० हजारवालं द्रावण तयार होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ४० वाली वापरायचीच तर खूण ४ ची.

जास्त भरवशाची रीत दोन पायऱ्यांची आहे. १ मिलीची अँप्युल १० मिलीच्या सिरिंजमध्ये घ्या, नॉर्मल सलाईनने १० मिली करा. आता १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम आहेत. त्यातलं १ मिली १९ मिली लिग्नोकेनमध्ये टाका. झालं दोन लाखांत एक. उरलेलं ९ मिली लगेच फेकून द्या, ट्रेमध्ये ठेवू नका. तयार सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव, प्रमाण आणि वेळ लिहा. अँप्युल फोडणारा एक आणि वाचून खात्री करणारा दुसरा असावा.

टोचलं की लगेच सुरुवात करायची का?

बधिरता दोन ते पाच मिनिटांत येते, आवळणं मागून येतं. जुनी शिकवण सात ते दहा मिनिटं थांबायची. हातावर केलेल्या मोजणीत मात्र रक्तस्राव सर्वांत कमी व्हायला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात असं दिसलं आहे. गर्दीच्या ओपीडीत पंचवीस मिनिटं कुणाकडे नसतात, हे मान्य. पण पेशंटला बाहेर बाकावर बसवून पुढचे दोन पाहून घेता येतात. त्वचा फिकट पडलेली आणि किंचित खडबडीत दिसली की समजा, जागा तयार आहे.

बोटाला ॲड्रिनालिन दिलं तर बोट काळं पडतं, खरं का?

"बोटं, नाक, कान, शिश्न" ही बंदी पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतली गेली. बोट सडल्याच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर त्यांत प्रोकेन, कोकेन, हाताने बनवलेली बेहिशेबी द्रावणं, घट्ट बांधलेली दोरी, गरम पाण्याचे शेक असं बरंच काही सापडतं. कॅनडातले हाताचे सर्जन डोनाल्ड लालोंड यांनी पट्टा न बांधता, पेशंटला जागं ठेवून, लिग्नोकेन-ॲड्रिनालिनवर हाताच्या शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुजवली. ती आज जगभर चालते. नाक-कानाच्या कामात ईएनटी सर्जन ॲड्रिनालिन रोज वापरतात.

तरीही लहान दवाखान्यात आमचं मत सावध आहे. ज्या बोटाचा रक्तपुरवठा धड आहे, त्याला १:१,००,००० किंवा त्याहून पातळ चालतं. पण आवळलेली रक्तवाहिनी सोडवणारं फेंटोलामीन (१ मिलिग्रॅम, १ मिलीत, त्याच जागी टोचायचं) जिथे कपाटात नाही, तिथे साधं लिग्नोकेन आणि बोटाच्या मुळाशी थोडा वेळ रबरी पट्टा, एवढ्यावर नखुरडं निघतं, टाकेही पडतात. पट्टा काढायला विसरू नका. त्याला आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) लटकवून ठेवली की विसर पडत नाही.

पक्कं "नाही" कुठे? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या बोटाला. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या तरुणाच्या पायाला. तो बर्जर आजार, म्हणजे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा आजार, असू शकतो. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्याला. चेचलेल्या, आधीच काळवंडलेल्या बोटाला. सुंतेच्या वेळी शिश्नाच्या मुळाशीही साधंच द्या. चुकून दिलं गेलं आणि बोट पांढरं पडलं तर घाबरून बर्फ किंवा कढत पाणी लावू नका. हात उबदार ठेवा, नखावर दाबून रंग परत येतो का ते दर काही मिनिटांनी पाहा. बहुधा काही तासांत रंग येतो. येत नसेल तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात पाठवा.

विंचू चावल्यावर बधिर करायला कोणतं?

साधं. ॲड्रिनालिनवालं अजिबात नको.

आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष शरीरातल्या ॲड्रिनालिनसारख्या रसायनांचा पूर सोडतं. घाम, थंड हातपाय, चढलेलं बीपी, पुढे फुप्फुसात पाणी, हे सगळं त्या पुराचं फळ. त्यात बाहेरून आणखी ॲड्रिनालिन घालणं म्हणजे आगीत तेल. दंश झालेल्या जागी दोन टक्के साधं लिग्नोकेन १-२ मिली किंवा साध्या औषधाचा बोटाचा ब्लॉक, एवढ्याने वेदना थांबते. पण वेदना थांबली म्हणून घरी सोडू नका. घाम, नाडी, बीपी, हातापायांचा गारठा यावर लक्ष ठेवा. लक्षणं दिसली तर उपचार रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनचा, जो महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे रूढ झाला. लिग्नोकेन फक्त ठणका घालवतं, विषाशी त्याचा काही संबंध नाही.

सिकलसेलच्या पेशंटचं काय?

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, म्हणून धडगाव-अक्कलकुव्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय सुई उचलू नये. फक्त वाहक असेल तर नेहमीसारखंच. आजार असेल तर दातासाठी किंवा धडावरच्या जखमेसाठी थोडं, पातळ ॲड्रिनालिन चालतं. बोटांना नको आणि रबरी पट्टाही शक्यतो नको, कारण रक्त तुंबलं की पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. वेदनेचा झटका चालू असताना टाळता येणारं काम टाळा. पेशंटला पाणी पाजा, गारठू देऊ नका.

भुसावळच्या उन्हाळ्यात औषध कसं सांभाळायचं?

लिग्नोकेन कणखर आहे, ॲड्रिनालिन नाजूक. उष्णता, उजेड आणि हवा तिन्ही त्याला खराब करतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेली व्हायल भरवशाची उरत नाही. बधिर करेल, पण टिकणार नाही आणि रक्तही आवरणार नाही. "हल्ली औषधात दम नाही" ही उन्हाळ्यातली तक्रार बऱ्याचदा कंपनीमुळे नसते, साठवणुकीमुळे असते.

लेबलवर लिहिलेलं तापमान पाळा, व्हायल खोक्यातच ठेवा, गोठू देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवलीत तर फ्रीझरला चिकटवून नको आणि टोचण्याआधी मुठीत धरून कोमट करा, गार औषध जास्त चरचरतं. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला, तळाशी कण दिसले, तर फेका. रंग बदलला नाही म्हणजे औषध चांगलंच आहे असं मात्र नाही. निर्जंतुक करायला म्हणून ॲड्रिनालिनवाली व्हायल ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. उघडल्याची तारीख व्हायलवर लिहा आणि प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज घ्या, त्याच पेशंटला दुसऱ्यांदा भरायचं असलं तरीही.

ॲड्रिनालिनवालं टोचताना जास्त आग का होते?

ॲड्रिनालिन टिकावं म्हणून ते द्रावण जास्त आंबट ठेवलेलं असतं. पीएच चारच्या आसपास, साध्याचा सहा-सातच्या दरम्यान. उपाय स्वस्त आहे. ९ मिली औषधात ८.४ टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट १ मिली मिसळा आणि लगेच वापरा. आग कमी होते, बधिरताही लवकर येते. मिसळून ठेवून द्यायचं नाही, कारण पीएच चढला की ॲड्रिनालिन मोडू लागतं. बुपिवाकेन या जास्त टिकणाऱ्या भुलीच्या औषधाला हा प्रयोग नको, साका बसतो.

बाकी सगळं हातात आहे. बारीक सुई (दातांना २७-३०, त्वचेला २६), त्वचेतून भोसकण्याऐवजी जखमेच्या कडेच्या आतून शिरणं, आणि वेग मिनिटाला सुमारे १ मिली. घाईने ढकललेलं औषध ऊतींना फाडत जातं, पेशंट त्यालाच "इंजेक्शन कडक आहे" म्हणतो.

पू झालेल्या दाढेला, गळवाला औषध का लागू होत नाही?

सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा ठिकाणी लिग्नोकेनचा नसेत शिरणारा भाग फार थोडा उरतो. शिवाय तिथे रक्त भरून वाहत असतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचल्याने डोस वाढतो, गुण येत नाही, आणि पू पसरायची भीती वेगळीच. सुजेपासून लांब, नसेच्या मुळाशी ब्लॉक द्या. गळवाला कडेने, निरोगी त्वचेतून. तोंडातल्या टाळूवर मात्र हात आखडता ठेवा : तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, ८० हजारवालं जोराने भरलं तर ती पांढरी पडून पुढे तुकडा सुटू शकतो.

इंजेक्शननंतर पेशंट घाबरला, धडधडतंय म्हणतो. ॲलर्जी समजायची?

"डॉक्टर, छातीमा धडधड करी राह्यनं" हे वाक्य ऐकलं की आधी नाडीवर बोट ठेवा, केसपेपरवर "लिग्नोकेन ॲलर्जी" लिहायची घाई करू नका. ते एकदा लिहिलं की पुढची वीस वर्षं कुणी त्या माणसाला बधिर करायला धजावत नाही.

नाडी जलद, हात थरथरताहेत, चेहरा थोडा फिकट, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत : हे ॲड्रिनालिन, बहुधा थोडं शिरेत गेलेलं. एपिड्युरल (पाठीच्या कण्यात नळी घालून दिलेली भूल) देणारे भूलतज्ज्ञ याचाच उपयोग करून घेतात. १५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनालिन असलेला ३ मिलीचा चाचणी डोस देतात आणि मिनिटभरात नाडी उडाली तर नळी शिरेत आहे हे ओळखतात. टोचण्याआधी दट्ट्या मागे ओढून पाहिला, तर हा प्रसंग बहुतेक वेळा टळतो.

नाडी मंद, घाम, डोळ्यांपुढे अंधारी : ही भीतीने आलेली चक्कर. आडवं करा, पाय वर.

अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, छातीत घरघर, बीपी पडणं : ही ॲलर्जी. खऱ्या ॲलर्जीत लिग्नोकेनपेक्षा व्हायलमधले जोडीदार संशयित असतात, टिकाऊपणासाठी घातलेलं मिथाईलपॅराबेन आणि ॲड्रिनालिन जपणारं मेटाबायसल्फाइट. स्टिरॉइडवर असलेल्या दमेकऱ्याला, सल्फाइटचा त्रास माहीत असलेल्याला म्हणूनच साधं, परिरक्षक नसलेलं औषध बरं. आणि हो, तीव्र ॲलर्जीवरचा उपचार पुन्हा ॲड्रिनालिनच आहे, पण अँप्युलमधलं : प्रौढाला ०.५ मिली, मांडीच्या स्नायूत. व्हायलमधलं पातळ औषध त्यासाठी वापरत नाहीत.

कातडीवर थेंबभर टोचून "टेस्ट" घेण्याची प्रथा अजून आहे. ती सुरळीत गेली म्हणून पुढे काही होणार नाही याची हमी मिळत नाही.

आणि लिग्नोकेनचीच विषबाधा झाली तर?

तोंडात धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, बडबड किंवा गुंगी, मग झटके, शेवटी ठोके बिघडणं. पहिल्या दोन खुणा पेशंटने स्वतः सांगाव्या लागतात, म्हणून टोचताना त्याच्याशी बोलत राहा. टोचणं थांबवा, ऑक्सिजन द्या, झटक्यांना मिडाझोलाम. उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) किलोमागे १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, नंतर मिनिटाला ०.२५ मिली प्रतिकिलो. ५० किलोला हे ७५ मिली आणि मग मिनिटाला १२.५ मिली. हृदय थांबलं तर इथे ॲड्रिनालिनचा डोस नेहमीपेक्षा फार कमी, किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत. मोलगीहून घाट उतरून नंदुरबारला पोचेपर्यंत वेळ जातो. जिथे मोठे ब्लॉक दिले जातात, तिथे लिपिडची बाटली असायलाच हवी.

बुपिवाकेनमध्येही ॲड्रिनालिन घालावं का?

फायदा कमी. बुपिवाकेन मुळातच लांब टिकतं, त्याची मुदत ॲड्रिनालिनने फारशी वाढत नाही. रक्तातली पातळी मात्र थोडी खाली राहते. मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम धरा. हे हृदयाला लिग्नोकेनपेक्षा जास्त घातक आहे. दोन्ही मिसळून दिलीत तर मर्यादाही वाटून घ्या. दोघांचा पूर्ण डोस एकत्र नाही.

हातात पट्टा बांधून शिरेतून देतात त्या ब्लॉकला?

तिथे फक्त साधं, परिरक्षक नसलेलं. ठोके आवरायला शिरेतून देतात ते लिग्नोकेनही वेगळं. ॲड्रिनालिनवाली व्हायल या कामांच्या ट्रेमध्येच ठेवू नका.

पेशंट विचारतात : दात काढल्यावर ओठ किती वेळ जड राहतो? जेवायचं कधी?

तीन ते पाच तास. तोवर गरम चहा नको, झणझणीत शेवभाजी तर नकोच. तोंड भाजलं तरी कळत नाही. लहान मुलं बधिर ओठ चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी आई सुजलेला, पांढरी खपली धरलेला ओठ दाखवायला येते. तो संसर्ग नसतो, चावा असतो. बधिरता उतरेपर्यंत मुलाजवळ बसा.

घरी गेल्यावर काही तासांनी रक्त का आलं?

आवळलेल्या रक्तवाहिन्या औषध उतरलं की पुन्हा सैल होतात, काही वेळा आधीपेक्षा जास्त. कोरडी दिसलेली जखम तेव्हा पाझरते. दाताच्या जागी कापसाचा किंवा गॉजचा बोळा वीस-तीस मिनिटं न उघडता घट्ट चावून धरा, सारखं थुंकू नका, चूळ भरू नका, तंबाखू-मिश्री त्या दिवशी बंद. तरी थांबलं नाही तर परत या. डॉक्टरांसाठी एक गोष्ट : जखम कोरडी दिसतेय म्हणून फुटलेली रक्तवाहिनी बांधायची टाळू नका.

गरोदर बाईला चालतं का?

नेहमीच्या डोसात लिग्नोकेन-ॲड्रिनालिन चालतं, अंगावर पाजणाऱ्या आईलाही. प्रिलोकेन या भुलीच्या दुसऱ्या औषधासोबत येणारं फेलिप्रेसिन हे दुसरं आवळणारं औषध मात्र गर्भाशयावर परिणाम करू शकतं, ते टाळतात. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत पूर्ण उताणं झोपवू नका, उजव्या कुशीखाली उशी द्या.